ऐंशी रुपयांचं ताट

श्यामसुंदर खाजगीवाले यांचा फुटबॉलशी संबंध एवढाच, की शाळेत असताना तो एकदा त्यांच्या चष्म्यावर येऊन बसला होता. त्यानंतर जवळपास साठ वर्षं दोघांनी एकमेकांची चौकशी केली नाही. खाजगीवाल्यांनी सरकारच्या लेखापरीक्षण खात्यात चौतीस वर्षं नोकरी केली, नगरपालिकांची आणि बाजार समित्यांची दप्तरं तपासली, आणि 'आढळून आले' व 'आढळून आले नाही' या दोन क्रियापदांवर संसार केला. ज्याचं दप्तर तपासायचं त्याच्या घरचा चहा ते घेत नसत. पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं. साताऱ्यात एका मुख्याधिकाऱ्याने फार आग्रह केला, तेव्हा त्यांनी त्याच्यासमोर घरचा डबा उघडून दोन पोळ्या खाल्ल्या आणि पुढचं व्हाउचर मागितलं.

निवृत्तीनंतर सदाशिव पेठेतल्या फ्लॅटमध्ये तपासायला फारसं काही उरलं नाही. सोसायटीचे हिशेब त्यांनी पहिल्याच वर्षी इतके तपासले, की दोन सेक्रेटरी लागोपाठ प्रकृतीच्या कारणाने मोकळे झाले. तिसऱ्या मजल्यावरच्या सौमित्रने ते पाहिलं होतं. सौमित्र आयटीत होता आणि उरलेल्या वेळात मुठाकाठ फुटबॉल लीगचा सचिव होता. दहा क्लब, खेळाडूंना महिन्याचा पगार, तिकीट पन्नास रुपये. एका संध्याकाळी तो चपला बाहेर काढून आत आला.

"काका, एक काम होतं. फुटबॉलचं आहे, पण फुटबॉल कळायची गरज नाही."

"मग मी योग्य माणूस आहे," खाजगीवाले म्हणाले.

सौमित्रचं दुखणं असं, की चार वर्षं एकच संघ जिंकत होता. वारज्याचा एम्परर क्लब. मालक दिग्विजयशेठ, धंदा इमारतींचा. कुठलाही पोरगा जरा बरा खेळला की पुढच्या महिन्यात तो वारज्यात राहायला जायचा, तोही शेठच्याच इमारतीत. त्याची बरोबरी करायच्या नादात एका क्लबने ऐपतीबाहेर पगार कबूल केले आणि डिसेंबरात क्लबला कुलूप लागलं. बावीस पोरं अर्ध्या हंगामात घरी बसली.

"युरोपात याला रूल्स आहेत, काका. जेवढं कमावता त्याच्यातच टीम चालवायची. नाहीतर ज्याच्यामागे बिल्डर तोच चॅम्पियन. बाकीच्यांनी खेळायचं कशाला?"

खाजगीवाल्यांना हे पटलं. खेळ त्यांना नंतर दाखवण्यात आला. त्यातला ऑफसाइडचा नियम त्यांना विशेष आवडला. कोण आधीच पुढे जाऊन उभा राहिलाय हे बघायला एक माणूस झेंडा घेऊन नेमलेला आहे, हे ऐकून त्यांनी खेळाबद्दलचं मत बरंच सुधारलं.

नियमावली दोघांनी मिळून केली आणि तपासनीस खाजगीवाले झाले. बारा कलमं झाली. संघावरचा खर्च, म्हणजे पगार, प्रवास, जेवण, हा क्लबच्या उत्पन्नाच्या सत्तर टक्क्यांवर जाता कामा नये. गेला तर सहा गुण कापायचे. खेळाडूला काही फुकट दिलं, तर बाजारभावाने त्याची किंमत धरून खर्चात दाखवायची. हे कलम शेठच्या फुकट फ्लॅटांसाठी होतं. फुकट देणारा कोणी तिऱ्हाईत असेल, तर त्याने सहीचा दाखला द्यावा, म्हणजे तेवढीच रक्कम देणगी म्हणून उत्पन्नातही धरता येईल. मालकाच्या नातेवाइकाने जाहिरातीला पैसे दिले तर तेही बाजारभावाएवढेच मोजायचे. वरचे पैसे उत्पन्नात दाखवून सत्तर टक्क्यांची हद्द ओलांडली तर नऊ गुण कापायचे.

अकरावं कलम खाजगीवाल्यांनी स्वतः घातलं. तपासनिसाने कुठल्याही क्लबकडे काहीही खाल्लं-प्यायलं, किंवा क्लबच्या वतीने कोणी दिलेलं खाल्लं, तर त्या हंगामातले त्याचे सगळे अभिप्राय रद्द समजावेत.

"काका, चहासुद्धा?" सौमित्रने विचारलं.

"चहापासूनच सुरुवात होते."

पहिला हंगाम मार्चपर्यंत आला. गुणतक्त्यात एम्परर पाच गुणांनी पुढे होता. अगदी खाली, जिथून दोन संघ दुसऱ्या श्रेणीत ढकलले जातात, तिथून चार गुण वर बिबवेवाडीचा निशाण क्लब लटकत होता. खाजगीवाल्यांनी दहा दप्तरं घरी आणली आणि दिवाणखान्यातल्या टेबलावर रचली. पत्नी कुसुमताईंनी टीव्ही आतल्या खोलीत हलवला. त्यांना याची सवय होती.

एम्पररचं दप्तर सुरेख होतं. गुळगुळीत कागद, रंगीत विभाजक, प्रत्येक पानावर शिक्का. त्यात एका प्लायवुडच्या दुकानाने शर्टावर नाव घालायचे चाळीस लाख दिले होते. खाजगीवाले दुसऱ्या दिवशी स्कूटरवरून वारज्याला गेले आणि त्या दुकानात स्वयंपाकघराच्या फळीचा भाव विचारला. दुकानाला शटर एक, नोकर एक. मालक संजय म्हणून गृहस्थ. भिंतीवर एका लग्नाचा मोठा फोटो होता, त्यात दिग्विजयशेठ नवरदेव होते आणि संजयराव त्यांचा कान पिळत होते. घरी येऊन खाजगीवाल्यांनी दुकानाची करविवरणं मागवली. वर्षाची विक्री बावीस लाख. बावीस लाखांचा माल विकणारा माणूस चाळीस लाखांची जाहिरात करत होता, आणि तीही मेव्हण्याच्या संघावर. खाजगीवाल्यांनी तीन ठिकाणी चौकशी करून तिचा बाजारभाव पाच लाख धरला, त्याने एम्पररचा खर्च सत्तर टक्क्यांवर गेला, आणि त्यांनी अभिप्राय लिहिला: नऊ गुण कमी करावेत. म्हणजे चषक वारज्याला नाही. लिहून झाल्यावर त्यांनी कुसुमताईंकडे अर्धा कप चहा जास्त मागितला. एवढा आनंद त्यांना निवृत्तीच्या निरोप समारंभातही झाला नव्हता.

मग निशाणचं दप्तर उघडलं. शाळेची दोनशेपानी वही, कडा आखलेल्या. उत्पन्न बारा लाख: मसाल्याचं दुकान, एक डेअरी, गल्लीतली वर्गणी, तिकिटं. पगार आणि प्रवास मिळून सात लाख वीस हजार. त्याखाली स्वच्छ अक्षरात, भोजन खर्च तीन लाख. म्हणजे दहा लाख वीस हजार. पंच्याऐंशी टक्के.

सहा गुण. निशाण खाली.

खाजगीवाल्यांनी बँकेचं पासबुक लावून पाहिलं आणि चष्मा पुसला. चौतीस वर्षांत त्यांनी पैसे कमी पडलेले पुष्कळ पाहिले होते. इथे वहीपेक्षा बँकेत तीन लाख जास्त होते.

त्यांनी निशाणचे चिटणीस यज्ञेश्वर यांना बोलावलं. शाळेत ड्रॉइंग शिकवणारा पंचेचाळिशीचा माणूस. तो सोफ्याच्या कडेवर बसला.

"हे भोजनाचे तीन लाख कोणाला दिले?"

"दिले नाहीत."

"मग लिहिले कशाला?"

यज्ञेश्वरने वही स्वतःकडे ओढली. मग म्हणाला, "सर, आमच्या मागे विमलाबाई इंगोले म्हणून राहतात. सरावानंतर रोज पंधरा पोरं त्यांच्याकडे जेवतात. चार वर्षं झाली. बाई पैसा घेत नाहीत. आता हे बाहेरच्या लोकांपुढे जाणार. बिबवेवाडीची पोरं फुकट जेवतात असं कागदावर कसं जाऊ द्यायचं? म्हणून मी खानावळींत दर विचारला. ऐंशी रुपये. पंधरा पोरं, अडीचशे दिवस. इज्जतीत लिहून टाकलं."

पैसे खाऊन खोटे खर्च दाखवणारे लोक खाजगीवाल्यांना परिचयाचे होते. पैसे न देता दिले म्हणून दाखवणारा, आणि त्यापायी आपलाच संघ बुडवणारा हा पहिलाच होता. त्यांनी यज्ञेश्वरला रागावून पाहिलं, पण राग काही नीट येईना.

"अहो, तुम्ही सत्तर टक्क्यांचं कलम वाचलं होतं का?"

"वाचलं होतं. आम्ही कुठे पैसे उडवतोय, म्हणून सोडून दिलं."

उपाय सरळ होता. बाईंनी दाखला द्यायचा, की पंधरा मुलांना अडीचशे दिवस जेवू घातलं, किंमत तीन लाख, देणगीदाखल. मग उत्पन्न पंधरा लाख, खर्च दहा लाख वीस हजार, अडुसष्ट टक्के. निशाण सुखरूप. यज्ञेश्वर म्हणाला, बाई सही करणार नाहीत, पैशाचं नाव काढलं की त्या उठून जातात. खाजगीवाले म्हणाले, मी बघतो. सह्या मिळवण्यात त्यांचा हात धरणारा खात्यात कोणी नव्हता.

रविवारी सकाळी दहाला ते बिबवेवाडीत पोचले. विमलाबाईंचं घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. पडवीत पंधरा पोरं भिंतीला टेकून ओळीने जेवत होती. कोणी कारखान्यात जाणारं, कोणी कॉलेजात, दोघं पार्सलं पोचवणारी. सगळ्यांच्या पायांना चिखल. कोणी बोलत नव्हतं. विमलाबाईंचे यजमान बद्रीनाथ मार्केट यार्डात तोलाईला होते, त्यामुळे भाजी घरात पोत्याने यायची. बाई साठीच्या. वाशीमहून तीस वर्षांपूर्वी आलेल्या, पण बोलणं अजून तिकडचंच.

खाजगीवाल्यांनी कागद पुढे केला आणि सगळं समजावून सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं.

"हे ऐंशी रुपये काय हायेत?"

"एका जेवणाची किंमत."

"मी इकते का जेवण?"

"नाही. पण किंमत लिहावी लागते."

"जे मी इकत नाही त्याची किंमत मी कशी लिहू? जेवू घातलं का इसरून जायचं असते. तुम्ही त्याची पावती मागून राहिले."

खाजगीवाल्यांनी पुन्हा सांगितलं. सही नसेल तर सहा गुण जातील. गुण गेले तर संघ खाली जाईल. खाली गेला की जाहिराती जातील, जाहिराती गेल्या की पगार. ही पोरं पांगतील, आणि यातली बरी दोन-तीन वारज्याला जातील. हे ऐकून ओळीतल्या एका पोराचा घास थांबला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्या ताटात आणखी भाजी वाढली.

"लिहिते," त्या म्हणाल्या. "पण आकडा तुम्ही सांगा. अन् खाऊन सांगा."

"मी नाश्ता करून आलोय."

"तुम्ही ऐंशी म्हनता. कायच्यावरून म्हनता? चाखलं का तुम्ही? न चाखता भाव सांगनाऱ्या मानसाच्या कागदावर मी सही करत नाही."

खाजगीवाल्यांनी कागद मागे घेतला. आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं. गोदामात दोनशे पोती सिमेंट आहे असं वहीत असलं, तर ते गोदामात जाऊन पोती मोजत. न बघता सही करणाऱ्या कनिष्ठांना त्यांनी सगळ्यांदेखत झापलं होतं. प्रत्यक्ष पडताळणीशिवाय किंमत धरू नये, हे त्यांचंच वाक्य ही बाई त्यांना वऱ्हाडीत ऐकवत होती, आणि तिच्या म्हणण्यात काढायला एकही खोट सापडत नव्हती.

दुसऱ्या बाजूला अकरावं कलम होतं. इथे एक घास घेतला की एम्पररवरचा अभिप्राय गेला. नऊ गुण, चषक, प्लायवुड, सगळं. त्यांनी आपली पाण्याची बाटली काढली, एक घोट घेतला आणि झाकण लावलं. पोरांच्या पाठी भिंतीला टेकलेल्या होत्या. त्यातलं कोणीही त्यांच्याकडे बघत नव्हतं, आणि सगळे ऐकत होते.

"वाढा," खाजगीवाले म्हणाले.

ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, वरण-भात, मिरचीचा ठेचा. ते मांडी घालून ओळीच्या शेवटी बसले. पहिल्या भाकरीनंतर बाईंनी न विचारता दुसरी टाकली. भाजी फार चांगली होती. खाजगीवाल्यांना ते कबूल करावं लागलं, निदान मनात.

"काय भाव?" बाईंनी विचारलं.

"ऐंशी."

"एवढाच?"

"बाजारात एवढाच." जेवण त्याहून बरंच वरचं होतं, पण नियमात बाजारभाव विचारला होता, चव विचारली नव्हती. चवीचे पैसे धरले असते तर निशाण पुन्हा सत्तर टक्क्यांच्या वर गेला असता.

"बाजारात जेवता का तुम्ही?"

"नाही."

"मंग बरोबर हाय," असं म्हणून बाईंनी हात पुसले आणि सावकाश, प्रत्येक अक्षर पूर्ण करत सही केली.

परतीच्या वाटेवर स्कूटर नेहमीपेक्षा हळू चालली होती. कोणालाही कळण्यासारखं नव्हतं. पोरं सांगणार नव्हती, यज्ञेश्वर तर मुळीच नाही. गप्प बसलं की निशाण वाचतो आणि एम्पररही उतरतो. दोन्ही न्याय्य. फक्त एक जेवण कागदावर यायचं राहतं. पण संजयरावांच्या दुकानातही एवढंच झालं होतं. जे खरं घडलं ते कागदावर यायचं राहिलं होतं. सिग्नलला मागच्या रिक्षाने तीनदा भोंगा वाजवला तेव्हा त्यांना कळलं की दिवा हिरवा झालाय.

घरी आल्यावर त्यांनी कुसुमताईंना सांगितलं. कुसुमताई शेंगा सोलत होत्या.

"जेवलात? तिथे?"

"पडताळणी केली."

"किती भाकऱ्या?"

"दोन."

"मग आता सांगून टाका," त्या म्हणाल्या. "नाहीतर तुम्ही पंधरा दिवस रात्रभर येरझाऱ्या घालणार, आणि मला ऐकाव्या लागणार."

शनिवारी दुपारी लीगची सभा एका शाळेच्या वर्गात भरली. मंडळी बाकांवर कशीबशी बसली होती. दिग्विजयशेठ वकील घेऊन आले होते. वकिलाने प्लायवुडच्या बाजूने बोलायला जाड फाइल आणली होती, ती त्याला उघडावीच लागली नाही. खाजगीवाले आधी उभे राहिले आणि वाचलं: "तपासनीस यांनी दिनांक सतरा रोजी निशाण क्लबच्या खेळाडूंना जेवू घालणाऱ्या देणगीदाराकडे एक भोजन घेतले. दोन भाकऱ्या, वांग्याची भाजी, वरण-भात, ठेचा. बाजारभाव ऐंशी रुपये. कलम अकरा लागू होते."

सौमित्रने दोन्ही हातांनी कपाळ धरलं.

वकिलाने उठून एकच प्रश्न विचारला, सगळे अभिप्राय रद्द ना? खाजगीवाल्यांनी हो म्हटलं. कलम त्यांनीच लिहिलं होतं, त्यात पळवाट नव्हती. एम्पररचे नऊ गुण कापावेत हा अभिप्राय होता, तो गेला. निशाणचा दाखला हा अभिप्राय नव्हता, देणगीदाराच्या सहीचा कागद होता. समितीने बेरीज-भागाकार स्वतः केला, अडुसष्ट टक्के आले, निशाण राहिला. मग पुढच्या हंगामासाठी नवा तपासनीस नेमायचं ठरलं आणि मावळत्या तपासनिसाचे आभार मानायचे राहून गेले.

बाहेर दिग्विजयशेठ गाडीपाशी थांबले होते. माणूस खरोखर गोंधळलेला दिसत होता.

"काका, बोलला नसता तर कुणाला कळणार होतं?"

"तुमच्या मेव्हण्यांनीही असाच विचार केला असेल."

शेठ हसले. "असला माणूस पाहिजे आपल्याला. या आमच्याकडे हिशेब बघायला. पगार बोला."

"पगार तुम्ही देणार की प्लायवुडचं दुकान?" खाजगीवाल्यांनी विचारलं आणि स्कूटरला किक मारली. ती तिसऱ्या किकला सुरू झाली, त्यामुळे वाक्याचा जेवढा परिणाम व्हायचा तेवढा झाला नाही.

पंधरा दिवसांनी चषक वारज्याला गेला. खाजगीवाले तो समारंभ बघायला मुद्दाम गेले, पन्नास रुपयांचं तिकीट काढून. दुसऱ्या क्रमांकाच्या संघाची पोरं टाळ्या वाजवत उभी होती. त्यांना बघून खाजगीवाल्यांना फार वाईट वाटलं. त्यांच्या हक्काची वस्तू आपण दोन भाकऱ्यांपायी घालवली, असं त्यांना वाटलं, आणि ते खोटं नव्हतं. ते घरी येऊन जेवले नाहीत. कुसुमताईंनी आग्रह केला नाही.

बिबवेवाडीत ही बातमी यज्ञेश्वरमार्फत पोचली. तपासनीसकाका तुमच्याकडे जेवले म्हणून त्यांचं काम गेलं, असं त्याने विमलाबाईंना सांगितलं. बाईंना ते कळायला वेळ लागला. एवढ्या वर्षांत त्यांच्याकडे जेवून कोणाचं काही गेलं नव्हतं. त्यांनी यज्ञेश्वरच्या फोनवरून फोन लावायला लावला.

"तुम्ही तवा सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही वाढलं नसतं," खाजगीवाले म्हणाले, "आणि मग सही झाली नसती."

पलीकडून भांड्यांचा आणि पोरांचा आवाज आला.

"आता तं काम नाही ना तुम्हाले?"

"नाही."

"मंग येत जा. दहा वाजता."

खाजगीवाल्यांनी सवयीने नकार द्यायला तोंड उघडलं. नकाराला एखादं कलम लागतं, आणि त्यांच्याकडे आता एकही उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते गेले. मग तिसऱ्या दिवशीही गेले. एकदा पोरांनी त्यांना मैदानावर नेऊन ऑफसाइडचा झेंडा हातात दिला, आणि त्यांनी सरावाच्या सामन्यात निशाणचेच चार गोल नाकारले. त्यावर कोणी तक्रार केली नाही, कारण जेवायला सगळे एकाच ओळीत बसणार होते.

जूनच्या सुरुवातीला कुसुमताईंनी दूधवाल्याचा हिशेब करताना कॅलेंडर पुढे ओढलं.

"मेमध्ये तुम्ही बिबवेवाडीला किती दिवस जेवलात? तेवढ्या दिवसांचं तुमच्या ताकाचं दूध वजा करायचंय."

खाजगीवाल्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

"मोजलं नाही," ते म्हणाले.